येसूबाईंच्या हातातलं तबक जरा खाली ठेवा

प्रति,
ऐतिहासिक मालिका, चित्रपट आणि महानाट्यं लिहिणारे व बसवणारे सर्वजण

विषय : छत्रपती संभाजी महाराज आणि महाराणी येसूबाई यांचा संसार पुरा दाखवण्याबाबत.

महोदय, महोदया,

महसूल खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी करून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. विषय टाकल्याशिवाय माझ्या हातून पत्रच सुरू होत नाही, तेवढं चालवून घ्या.

निमित्त घरगुती आहे. माझी नात सातवीत. यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला येसूबाईंचं काम मिळालं. नऊवारी भाड्याने आणली, नथ माझी, अंबाड्यावर गजरा. तालमीहून घरी आली ती गाल फुगवून. म्हणाली, "आजी, मला दोनच वाक्यं आहेत. मुघल सरदार झालेल्या पोराला सात!" मी कागद मागितला. एक वाक्य महाराज मोहिमेवर निघताना म्हणायचं, दुसरं महाराज पकडले गेल्याची बातमी येते तेव्हा, आणि ते अर्धवट, कारण त्यानंतर हंबरडा. मध्ये कंसात सूचना : तबक ओवाळणे, डोळ्यांत पाणी, विंगेत जाणे. बाईंचा यात काही दोष नाही. त्यांनी तुमचंच पाहून बसवलं होतं.

म्हणून हे पत्र शाळेला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

हे लग्न जमलं कसं, तिथपासूनच तुम्ही घाई करता. संगमेश्वराकडे, प्रचितगडाच्या पायथ्याला शृंगारपूर आहे. तिथे सुर्व्यांची सत्ता आणि पिलाजीराव शिर्के त्यांचे कारभारी. शिवाजी महाराजांनी १६६१ साली शृंगारपूर घेतलं, सुर्वे परागंदा झाले, आणि शिर्क्यांना मोडण्यापेक्षा महाराजांनी त्यांना सोयरे करून घेतलं. सोयरीक दुहेरी. पिलाजीरावांची जिऊबाई भोसल्यांच्या घरात येऊन येसूबाई झाली आणि महाराजांची राजकुंवर पिलाजीरावांच्या गणोजीला दिली. याला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात. ज्यांच्या घरात झालंय त्यांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका घरात भांडण झालं की दुसऱ्या घरातली पोरगी आपोआप माहेरी पाठवली जाते. दोन्ही पोरी एकमेकींच्या जामीन. तुमच्या पडद्यावर मात्र सनई वाजते, अक्षता पडतात, आणि पुढच्याच दृश्यात दोघं मोठी होऊन गडाच्या कड्यावर चांदण्यात उभी असतात. मधली दहा-पंधरा वर्षं गायब! त्या वर्षांत आग्र्याहून सुटका आहे, बाळ संभाजीराजे मागे मथुरेत आहेत, शृंगारपुरातला मुक्काम आहे, तिथे १६७८ साली झालेली मुलगी भवानीबाई आहे, संभाजीराजांचं मुघल सरदार दिलेरखानाकडे जाणं आणि परत पन्हाळ्यावर येणं आहे. यातलं तुम्ही जे दाखवता ते सगळं बाप-लेकाचं. सुनेला काय वाटलं असेल, तिच्याशी कोण कसं वागलं असेल, याला एक मिनिटही नाही.

आता शिक्क्याचं. माझा जीव इथे अडकलाय.

संभाजी महाराज १६८१ साली राज्याभिषेक करून छत्रपती झाले आणि पुढची आठ वर्षं घोड्यावरच होती. जंजिरा, फोंडा, गोवा, औरंगजेबाची फौज सगळीकडून. मागे राजधानीचा कारभार हाकायला त्यांनी येसूबाईंना मुखत्यारी दिली, त्यांचा स्वतंत्र शिक्का केला : 'श्री सखी राज्ञी जयति'. हे तुम्हाला माहीत आहे, कारण हे शब्द तुम्ही संवादात वापरता. महाराज त्यांच्याकडे प्रेमाने बघत "सखी" म्हणतात, मागे बासरी. झालं! अहो, तो लाडाचा शब्द असेलही, पण तो कागदावर उठवायच्या शिक्क्यात कोरलाय. बायकोला लाडाने कोणीही काहीही म्हणेल. तेच नाव दप्तरात चालवायचं म्हणजे उद्या त्या शिक्क्याखाली जो हुकूम सुटेल तो आपल्यालाही बांधील, हे कबूल करणं आलं.

मी उभी नोकरी शिक्के मारण्यात आणि साहेबांच्या शिक्क्याची वाट बघण्यात घालवली, म्हणून सांगते. दागिना दिलेला परत घेता येतो, अडीनडीला मोडता येतो. सहीचा अधिकार एकदा दिला की आपल्या पाठीमागे काय होईल ते समोरच्याच्या अकलेवर सोपवावं लागतं. आमच्याकडे लक्ष्मीमुक्ती योजनेत अर्ज यायचे, नवऱ्याने हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं. यायचे म्हणजे माझ्या टेबलावर तरी क्वचितच. एकदा एक शेतकरी आला, बायको दाराशीच उभी. मी म्हटलं, "ताई, आत या, तुमच्याच नावाचं काम आहे." तर तो म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं, तुम्ही लिहा." मी शाईचा पॅड पुढे सरकवला. तिने तो बाजूला केला, पेन मागून घेतलं आणि सावकाश सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं की नवऱ्याचं लावायचं यावर क्षणभर थांबून, मग आडनावासकट. पुढची रांग कुरकुरत होती. नवरा तिच्याकडे बघत राहिला, तिला लिहिता येतं हेच त्याला नव्याने कळल्यासारखा.

साडेतीनशे वर्षांपूर्वी, चोवीस वर्षांच्या राजाने हा शिक्का बायकोच्या हाती दिला. तुमच्याकडे महाराजांनी सिंहाचा जबडा फाडण्याला पंधरा मिनिटं आहेत. रायगडावर येसूबाई सदरेला बसल्यात, समोर कोणी फिर्याद घेऊन आलाय, कारकून कागद वाचतोय आणि त्या "हे पुन्हा लिहा" म्हणतात, एवढं दृश्य मला आजवर दिसलेलं नाही. दिसलं असेल तर कळवा, मी माझं वाक्य मागे घेईन.

नवऱ्याचं चुकलं तर त्या बोलत असाव्यात, असंही दिसतं. १६८१ साली महाराजांविरुद्ध झालेल्या कटाच्या प्रकरणात बाळाजी आवजी चिटणीस मारले गेले. तेव्हा येसूबाईंनी महाराजांना स्पष्ट सांगितलं की हे योग्य झालं नाही, असं चिटणिसांच्याच घराण्यातले मल्हार रामराव बखरीत लिहून गेलेत. आता पूर्वजाच्या बाजूने वंशज लिहिणारच, शिवाय घटना घडून सव्वाशे वर्षं उलटल्यावर. तेव्हा मीठ लावून वाचावं. पण बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे याच राज्याच्या चाकरीत राहिला, राजारामांबरोबर जिंजीपर्यंत गेला, हे तर खरंच आहे. ज्याचा बाप राजाने मारला तो माणूस राज्य सोडून जात नाही, तेव्हा त्याला धरून ठेवणारं कोणीतरी घरात होतं असं मला वाटतं. पुरावा माझ्याकडे नाही. पण तुमच्याकडे तरी कुठे असतो? तुम्ही सगळं कल्पनेनेच भरता. मग कल्पना अशा जागी करा.

माहेराचं प्रकरण तर तुम्ही एका शब्दात उरकता : फितूर. वतनावरून शिर्क्यांचं बिनसलं होतं, १६८८ च्या अखेरीला कवी कलशांशी त्यांची लढाई झाली, कलश खेळणा किल्ल्यावर, म्हणजे विशाळगडावर, पळाले आणि खुद्द संभाजी महाराज शिर्क्यांवर चालून गेले. 'शिरकाण' या आपल्या शब्दाची व्युत्पत्ती लोक अजून याच्याशी जोडतात. मग पुढे काही महिन्यांत महाराज संगमेश्वरला पकडले जातात तेव्हा गणोजी शिर्क्यांनीच वाट दाखवली, असं तुम्ही बेधडक दाखवता. समकालीन कागदांत त्याला भक्कम आधार नाही, अभ्यासक त्यावर भांडतात, आणि शिर्के आडनावाची मुलं वर्गात मान खाली घालून बसतात. तो वाद मी इथे सोडवणार नाही. मला एवढंच विचारायचंय की त्या थंडीत, नवरा फौज घेऊन आपल्या भावांवर निघालाय, आणि भावाच्या घरात नणंद नांदतेय, अशा वेळी रायगडावर येसूबाई जेवायला कशा बसल्या असतील? साटंलोटं म्हणजे काय ते त्या रात्री कळलं असणार. तुमच्या मालिकेत त्या रात्री त्या देवघरात बसून "स्वारींना यश दे" म्हणतात.

आणि आता फेब्रुवारी १६८९.

एक तारखेला महाराज संगमेश्वरला पकडले गेले. बातमी रायगडावर पोचली. इथे तुमचा हंबरडा येतो, माझ्या नातीचंही काम इथेच संपतं. प्रत्यक्षात काय झालं ते तारखा लावून बघा. १२ फेब्रुवारीला, म्हणजे अकरा-बारा दिवसांत, रायगडावर राजारामांचं मंचकारोहण झालं, म्हणजे त्यांना गादीवर बसवलं. आणि महाराजांना मारलं ते ११ मार्चला. म्हणजे ज्या दिवशी राजारामांना गादीवर बसवलं त्या दिवशी येसूबाईंचा नवरा जिवंत होता. शत्रूच्या ताब्यात, साखळदंडात, पण जिवंत. अशा वेळी पत्नी म्हणून कोणीही म्हणेल, थांबा, काहीतरी तोड काढा, तहाचं बोला. येसूबाईंनी गादी भरली. राजा आमच्याकडे बसलाय, तुमच्याकडे आहे तो आता सौद्याला उपयोगाचा नाही, असं औरंगजेबाला कळवण्याचा याहून उघड मार्ग नव्हता. आणि नवऱ्याच्या सुटकेची उरलीसुरली किंमतही त्याने संपत होती, हे न कळायला त्या भाबड्या नव्हत्या.

शिवाय गादीवर बसवलं कोणाला? स्वतःचा मुलगा होता की! शिवाजी, ज्याला आपण शाहू म्हणतो, गांगवलीला १८ मे १६८२ ला जन्मलेला, सातवं वर्षही पुरं न झालेलं. लहान राजा आणि मागे आई कारभारी, ही सोय जगातल्या किती आयांनी करून घेतलीय. येसूबाईंनी जवळपास एकोणीस वर्षांच्या दिराला बसवलं. आणि हा दीर कोण, तर सोयराबाईंचा मुलगा, ज्याला १६८० मध्ये कारभाऱ्यांनी संभाजी महाराजांना डावलून गादीवर बसवायचा घाट घातला होता. त्या भांडणात माणसं हत्तीच्या पायी गेली. नऊ वर्षांनी, तोच राजाराम, आणि ठरवणारी त्याच संभाजींची बायको. नाटककाराला याहून काय हवं, मला खरंच कळत नाही. तुमच्या जागी मी असते तर पहिला अंकच इथून उघडला असता.

पुढे मार्च संपता संपता रायगडाला वेढा पडला. सगळी भोसल्यांची माणसं एका गडावर सापडली तर राज्यच संपेल, म्हणून राजारामांनी बाहेर पडावं आणि आपण मुलासह गड लढवत राहावं, असं ठरलं. ५ एप्रिलला राजाराम गडावरून निघाले. येसूबाई मागे राहिल्या. गड ३ नोव्हेंबरला पडला. म्हणजे त्यांनी सात महिने दिले. त्या सात महिन्यांत राजारामांना प्रतापगड, पन्हाळा, मग जिंजीकडे सरकता आलं. गड घेणाऱ्या इतिकादखानाला बक्षीस म्हणून 'झुल्फिकारखान' हा किताब मिळाला, यावरून बादशहाने त्या गडाची आणि त्यात सापडलेल्या माणसांची काय किंमत धरली होती ते ओळखा.

त्यानंतर कैद. १६८९ ते १७१९. माझी नोकरी आणि त्यांची कैद जवळपास एका लांबीच्या निघतात, फक्त मला रविवारची सुटी होती आणि संध्याकाळी पावणेसहाला घरी जाता येत होतं. बादशाही छावणीबरोबर फिरणं. ही छावणी १६९५ पासून चार वर्षं भीमेकाठी ब्रह्मपुरीलाच ठाण मांडून होती, म्हणजे आपल्याच मुलखात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या अंगाला. वारीची दिंडी जिथून जाते तिथे जवळच कैद. मुलाला सात हजारी मनसब, राजा हा किताब, आणि पहारा. औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा मायलेकांशी माणुसकीने वागली, असं सगळेच लिहितात. एक मुघल शहजादी आणि एक मराठा राणी, दोघी सतरा-अठरा वर्षं एकाच छावणीत. कोणत्या भाषेत बोलत असतील? हा प्रश्न मला कधीचा छळतोय. तुमच्यातल्या कोणीतरी याचं एक नाटक लिहा, तिकीट काढून मी पहिल्या रांगेत येईन.

औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये गेला. मे महिन्यात शाहू महाराजांना सोडलं, पण सुटकेला तारण हवं म्हणून येसूबाईंना ठेवून घेतलं आणि पुढे दिल्लीला नेलं. इकडे ताराबाईंशी झुंज, खेडची लढाई, जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक. मुलगा छत्रपती झाला तेव्हा आई हजार मैलांवर ओलीस होती. आणि तशीच अकरा वर्षं. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, हे पुस्तकात ठळक असतं. त्याच मोहिमेत येसूबाई सुटून आल्या, हे त्याखालच्या ओळीत असतं. बऱ्याचदा नसतंच.

आता तुमची अडचण मला कळते. ती कथानकाची नाही, तबकाची आहे. राणी म्हटली की तुम्हाला औक्षण सुचतं, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे ११ मार्च १६८९ नंतर येसूबाईंच्या हातात ते तबक कोणी दिलं नसतं. मग तुमच्याकडे त्यांच्यासाठी दुसरं कामच उरत नाही. म्हणून तुम्ही तुळापूरला पडदा पाडता. लग्न मात्र तिथे संपलं नव्हतं. ज्या शिक्क्याचा अधिकार त्या लग्नाने दिला होता, त्याचा सगळ्यात मोठा वापर नवरा पकडला गेल्यानंतरच झालाय. आणि नवऱ्याचं राज्य नवऱ्याच्या मुलापर्यंत पोचवायला जी तीस वर्षं लागली, ती त्यांच्या संसारात धरायची नाहीत तर कशात धरायची?

तुम्ही म्हणाल, प्रेक्षकांना एवढं नको असतं. माझ्या ओळखीचे प्रेक्षक साताऱ्याचे आहेत. त्यांचं उदाहरण देते. आमच्या संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात, तिथे घाटाकडे समाध्या आहेत. लहानपणापासून आम्हाला तिथे नेऊन काय दाखवत? खंड्याची समाधी. खंड्या म्हणजे शाहू महाराजांचा आवडता कुत्रा, त्याने वाघापासून महाराजांना वाचवलं अशी गोष्ट आहे. अंगावर शहारा यायचा ऐकताना, अजून येतो. पण त्याच महाराजांच्या आईची समाधी कुठली, हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. अलीकडे आमच्याकडच्या इतिहासवेड्या मंडळींनी जुने कागद उकलून ती तिथेच, माहुलीत, ओळखून काढली. तोवर येणारी-जाणारी माणसं शेजारून जात होती. मीही गेलेय. दशक्रियेला गेले असताना ऊन लागलं म्हणून तिथल्याच एका चौथऱ्याच्या सावलीत बसले होते, कोणाच्या ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगायची लाज वाटेल.

प्रेक्षकांना खंड्याची गोष्ट पाठ होती, कारण ती कोणीतरी रंगवून सांगितली होती. एवढाच मुद्दा.

तेव्हा विनंती अशी. महाराजांच्या शौर्यातला एकही घाव कमी करू नका, मीही त्यांच्यासाठीच तुमचं सगळं बघते. फक्त येसूबाईंना "येसू, येसू" करून चांदण्यात फिरवणं थोडं आवरा. त्यांच्या तोंडी कारभाराची दहा वाक्यं घाला. मंचकारोहणाचा दिवस नीट लिहा, ती सदर, ते सरदार, दिराच्या कपाळावर टिळा लागताना त्यांची नजर कुठे होती ते. शिर्के दाखवताना जपून. आणि निर्माते पैसे देणार असतील तर १७१९ चा पावसाळा दाखवा. साताऱ्याच्या वाटेवर चिखल, बाळाजी विश्वनाथांची फौज परततेय, बरोबर एक मेणा. मुलाला सोडलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आता सदतीस. मधल्या बारा वर्षांत भेट नाही. ती मेण्यातून उतरते, आणि कपाळाला कुंकू नसलेल्या त्या बाईला ओवाळायला पुढे कोण होतं, सून, दासी, की तो स्वतः, ते तुम्ही ठरवा. त्या एका जागी तबक आणलंत तर माझी हरकत नाही.

नातीचं संमेलन झालं. तिने ऐनवेळी तिसरं वाक्य स्वतःच्या मनाने घातलं, "गादी रिकामी ठेवू नका." बाई रागावल्या, कारण त्यानंतर पडदा पाडणाऱ्या मुलाची खूण चुकली आणि मुघल सरदार तलवार उगारून तसाच उभा राहिला.

या पत्राची पोच मिळावी, ही विनंती.

कळावे,
आपली प्रेक्षक,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा